आग्नेसताईंचा गुडघा

माझ्याकडे येणाऱ्या मुली सगळ्यात आधी आवाजाबद्दल सांगतात. कुणी म्हणते सुकी काटकी मोडावी तसा, कुणी म्हणते बोटं मोडतो तसा, पण खूप आतून. बहुतेक वेळा कुणी धक्का दिलेला नसतो. बास्केटबॉलमध्ये उडी मारून खाली येताना, खो-खोत खांबाला वळसा घालताना, कबड्डीत चढाईवरून परत फिरताना पाय जमिनीला चिकटतो, अंग एका दिशेला वळतं आणि गुडघा मागे राहतो. मग तो आवाज. संध्याकाळपर्यंत गुडघ्याचा नारळ होतो. घरचे म्हणतात लचकला असेल, बर्फ लाव. महिन्याभरात सूज उतरते, मुलगी पुन्हा मैदानावर जाते, आणि पहिल्याच वळणाला गुडघा तिच्या खालून निसटतो. त्यानंतर ती माझ्याकडे येते.

मी फिजिओथेरपिस्ट. बोरीवलीत एका सोसायटीच्या तळमजल्यावर माझं क्लिनिक आहे. आता वयामुळे फक्त सकाळी बसते. इतकी वर्षं झाली तरी सोसायटीतले अर्धे लोक मला मालिशवाली समजतात आणि उरलेले अर्धे डॉक्टर. दोन्ही चूक, पण आता मी सांगत बसत नाही. कंबर, मान, खांदे, पडलेल्या आजी, सगळं पाहिलं. जीव मात्र गुडघ्यात अडकला, आणि त्यातही खेळणाऱ्या मुलींच्या.

गुडघ्याच्या आत, मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये, करंगळीएवढी एक दोरी तिरपी बांधलेली असते. डॉक्टर तिला एसीएल म्हणतात, मुली नुसतं लिगामेंट म्हणतात. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा पिळला जाऊ नये हे तिचं काम. ही दोरी मुलांपेक्षा मुलींची कितीतरी जास्त तुटते. कारणं बरीच सांगतात. कंबरेच्या ठेवणीमुळे उडीवरून उतरताना मुलींचे गुडघे आत झुकतात. पुढच्या मांडीचा स्नायू जोर करतो आणि मागचा उशिरा जागा होतो. पाळीशी संबंध आहे की नाही यावर अजून वाद चालू आहेत. मला स्वतःला एक साधं कारण फार महत्त्वाचं वाटत आलं आहे. मुलगे लहानपणापासून भिंतींवरून, झाडांवरून, जिन्यांवरून उड्या मारतात. मुलीने मारली की कुणीतरी ओरडतं. ती मोठी होऊन खेळायला लागते तेव्हा तिला वेगाने पळायला, जोरात उडी मारायला शिकवतात, पण उतरायचं कसं हे शिकवायचं कुणाच्या लक्षातच येत नाही.

जेनिटा माझ्याकडे आली तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. गोराईची. खाडी ओलांडून रोज बोरीवलीला कॉलेजला यायची आणि संध्याकाळी इथल्याच एका क्लबात कबड्डी खेळायची. चढाईला जाणारी पोर, अंगाने बारीक, वळायला चपळ. क्लबाचे सावंत सर तिला घेऊन आले. हे सर मूळचे मालवणचे, बोलायला फटकळ, आणि मुलींवर मनापासून जीव टाकणारे. त्यांनी आल्या आल्या सांगितलं की ही पुढच्या मोसमात जिल्ह्याच्या संघात नक्की होती. "होती" हा शब्द ऐकून जेनिटाने मान खाली घातली. मॅटवर चढाई करून परत फिरताना तिचा उजवा बूट मॅटला चिकटला होता. पुढची हकिगत मला तोंडपाठ होती.

सोबत तिची आई होती. आग्नेसताई. पंचेचाळिशीची, काळीसावळी, उभं राहिल्यावर जमिनीला घट्ट धरून असल्यासारखी दिसणारी बाई. नवरा बोटीवर, आणि या मासळी सुकवायच्या, घराजवळच्या तुकड्यात भाजी करायच्या, दोन्हीच्या टोपल्या डोक्यावरून वाहून विकायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासाठी कागदात बांधून सुके बोंबील आणले. आमच्या सोसायटीत बहुतेक घरं गुजराती. पुडी टेबलावर ठेवून जरा वेळ झाला नसेल, तोच सेक्रेटरी दारातून डोकावून गेले. मी ती पुडी घाईघाईने गाडीत नेऊन ठेवली. गाडीला तो वास पावसाळाभर होता. बोंबील मात्र झकास होते.

लिगामेंट तुटलंय की नाही हे हाताने तपासता येतं. पेशंटला आडवं झोपवायचं, गुडघा थोडा वाकवायचा, एका हाताने मांडी धरायची आणि दुसऱ्याने नडगी हळूच पुढे ओढायची. दोरी शाबूत असेल तर नडगी जराशी सरकते आणि टक्कन थांबते, दोर ताणला गेला की बोट थांबते तशी. दोरी नसेल तर ते थांबणं हाताला लागतच नाही, नडगी मऊ सरकत राहते. एमआरआयने पुढे खात्री होतेच, पण मला अजून माझ्या हातावर विश्वास आहे.

जेनिटा हात लावू देईना. दुखेल म्हणून तिने मांडी इतकी आवळून धरली की तपासण्यात अर्थ नव्हता. मी समजावलं, सरांनी समजावलं. मग आग्नेसताई शेजारच्या पलंगावर चढून आडव्या झाल्या, साडी गुडघ्यावर घेतली आणि म्हणाल्या, "आधी माझा बघा, मॅडम. तिला दिसू दे कसं करतात ते."

मला ही युक्ती आवडली. मी जेनिटाला जवळ उभं केलं. आधी ताईंचा डावा गुडघा धरला, नडगी ओढली, टक्कन थांबली. बघ, म्हटलं, असं असतं, काही दुखत नाही. मग उजवा धरला.

तो थांबलाच नाही.

मला वाटलं माझा हात चुकला. पुन्हा धरला. नडगी तशीच मऊ सरकली, आणि कुठे अडली नाही. मी तिसऱ्यांदा केलं आणि मग नुसती उभी राहिले. या बाईच्या गुडघ्यात ती दोरी नव्हती. आजची नाही, कालची नाही, आजूबाजूचं सगळं इतकं शांत आणि मुरलेलं होतं की ती तुटून जमाना झाला असणार. आणि ही बाई डोक्यावर टोपली घेऊन खाडीच्या चिखलातून चालत होती, हलत्या बोटीवर चढत होती, उतरत होती.

मी त्यांना विचारलं, लहानपणी कधी या पायाला लागलं होतं का. त्या उठून बसल्या, साडी सारखी केली. मग लेकीकडे न बघता मला सांगू लागल्या. लग्नाआधी त्याही कबड्डी खेळायच्या. गावच्या सणाला गावागावांतल्या पोरींच्या मॅची व्हायच्या, वाळूमिश्रित मातीवर, अनवाणी. त्या डाव्या कोपऱ्यात उभ्या राहायच्या, चढाईला आलेल्या पोरीचा घोटा धरायच्या. एका मॅचमध्ये घोटा धरायला झेपावल्या आणि तो आवाज आला. पाय सुजला. कुणीतरी पाला बांधला, कुणीतरी नस बसवली. बरं वाटलं म्हणून पुन्हा खेळायला गेल्या तर पाय निसटला आणि तोंडावर आपटल्या. सगळे हसले. त्यानंतर लग्न ठरलं आणि तो विषय संपला. त्यांना आजवर वाटत होतं की आपला पाय जन्मतःच जरा नाजूक आहे.

जेनिटा आईकडे बघतच राहिली. आई कबड्डी खेळायची हे तिला माहीतच नव्हतं. घरात त्या दोघी आपल्या बोलीत बोलत, माझ्याशी शहरी मराठीत. त्या क्षणी मात्र जेनिटाने माझ्यासमोरच त्या बोलीत आईला पुन्हा पुन्हा विचारलं.

त्या दिवशी मी आग्नेसताईंना क्लिनिकच्या पॅसेजमध्ये चालायला, वळायला, पायरी उतरायला लावलं. जे पाहिलं ते इतकं बारकाईने मी आजवर कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. त्या कधीच एका पायावर गर्रकन वळत नव्हत्या. छोटी छोटी पावलं टाकत सगळं अंग एकदम फिरवायच्या, खाडीत होडी फिरते तशा. पायरी उतरताना गुडघा कायम जरा वाकलेला आणि पावलाच्या रेषेत. त्यांच्या मांडीच्या मागच्या बाजूला हात ठेवला तर पाऊल जमिनीला लागायच्या आधीच तिथला स्नायू घट्ट व्हायचा. नडगी मागे धरून ठेवायचं तुटलेल्या दोरीचं काम तो स्नायू करत होता. हेच शिकवायला मला एकेका मुलीबरोबर महिनोन् महिने लागतात. इथे शरीराने ते एकट्याने, न सांगता, मालकिणीला पत्ताही न लागू देता शिकून घेतलं होतं. त्यांना स्वतःला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तर म्हणाल्या, "असं करते मी?" आणि वळून आपल्याच मांडीकडे बघायला लागल्या.

काही थोड्या माणसांचं शरीर असं सांभाळून घेतं हे मी शिकले होते, पण इतक्या वर्षांनंतर इतकं बेमालूम मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पुढच्या पेशंटला मी बराच वेळ बसवून ठेवलं.

जेनिटाची तपासणी मग सहज झाली. तिचीही दोरी तुटलेली होती, एमआरआयने तेच सांगितलं. पण खरी अडचण पुढे आली. हाडाच्या डॉक्टरांनी दोन्ही वाटा समोर ठेवल्या. ऑपरेशन करून मांडीतला एक स्नायूबंध काढून नवी दोरी बसवायची आणि वर्षभर मेहनत करायची. किंवा नुसत्या व्यायामाने पाय मजबूत करायचा आणि बघायचं. जेनिटाने ठरवूनच टाकलं. आईला जमलं तर मला का नाही? ऑपरेशन नको, वर्ष वाया नको. व्यायाम करते आणि मोसमाला उतरते. सावंत सरांनाही ते पटलं. त्यांनी मला विचारलं, "आवशीचो गुडघो चलता, मग पोरीचो कित्याक चलाचो नाय?"

मी त्यांना सांगितलं ते असं. रोजच्या चालण्याला, कामाला बिनदोरीचा गुडघा पुरतो, काहींना नीट पुरतो. पण कबड्डी म्हणजे धावताना अचानक थांबणं, फिरणं, कुणीतरी घोट्याला लटकलेलं असताना ओढून घेणं. दर वेळी गुडघा निसटला की आतली, दोन हाडांमधली कूर्चेची गादी फाटते, आणि फाटलेली गादी नवी मिळत नाही. तरी निर्णय तिचाच होता. मला तिच्यावर काही लादायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आग्नेसताईंचा गुडघा पाहिल्यावर माझ्याही बोलण्यात पूर्वीचा ठामपणा राहिला नव्हता.

आग्नेसताई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकत होत्या. त्या लेकीला म्हणाल्या, "बाय, माझा पाय टिकला, कारण मी खेळले नाही. तुला खेळायचंय का माझ्यासारखं टिकायचंय, ते ठरव."

जेनिटा ऑपरेशनला तयार झाली.

ऑपरेशन ही या सगळ्यातली सोपी गोष्ट. पुढचं वर्ष कठीण असतं. मांडी डोळ्यांदेखत वितळते. चांगली खेळाडू पोर पाय सरळ उचलू शकत नाही आणि रडते. मग तो उचलला जातो, मग वाकतो, मग चालणं, मग सायकल, मग एका पायावर बसणं-उठणं, आणि हे सगळं इतकं कंटाळवाणं की कितीतरी मुली अर्ध्यात गायब होतात. चालताना दुखत नाही म्हणजे बरं झालं, असं घरचे धरून चालतात. एका वडिलांनी तर मला फक्त एवढंच विचारलं होतं की ऑपरेशनचा वण लग्नात दिसेल का. ती मुलगी हँडबॉलची चांगली खेळाडू होती. पुढे आली नाही. तिची आठवण मला अजून येते.

जेनिटा एकदाही चुकली नाही, कारण आग्नेसताई तिच्याबरोबर यायच्या आणि स्वतःही सगळे व्यायाम करायच्या. त्यांच्या गुडघ्याचा एक्स-रे मी काढायला लावला होता. आतली बाजू बरीच झिजली होती. शरीराने सांभाळून घेतलं होतं खरं, पण ते फुकट नव्हतं. व्यायामाने त्यांचं दुखणं कमी झालं. दोघी शेजारी शेजारी भिंतीला पाठ लावून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारख्या बसायच्या, एक ट्रॅकपँटमध्ये आणि एक साडीचा ओचा खोचून, आणि आपल्या बोलीत एकमेकींना चिडवायच्या. सोसायटीच्या सेक्रेटरींची पत्नीही गुडघ्यासाठी येत असे. तीही त्यांच्या शेजारी भिंतीला पाठ लावायला लागली. बोंबलांबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही.

पाय तयार झाला तरी मन तयार होत नाही, हे या दुखण्याचं शेवटचं कुलूप. जेनिटाची मांडी दोन्हीकडे सारखी झाली. एका पायावरची लांब उडीही दोन्ही पायांची सारख्याच अंतरावर पडायला लागली. खोक्यावरून आवाज न करता उतरायला मी तिला शिकवलं, मांजर उतरतं तसं, गुडघे बोटांच्या रेषेत, ढुंगण मागे. ते ती सुंदर करायची. पण सरळ धावत येऊन उजव्या पायावर वळ म्हटलं की ती थांबायची. अगदी थोडं आधी, कुणाला कळणार नाही इतकं. मला कळायचं. तिलाही कळायचं. ती म्हणाली, पाय नाही म्हणतो. क्लबात इतर मुलींसमोर तर तिला करायचंच नव्हतं. असेच आठवडे गेले.

एका रविवारी आग्नेसताईंनी मला गोराईला जेवायला बोलावलं. फेरीबोटीतून उतरून मी त्यांच्या घरी गेले. घरामागे सारवलेलं अंगण होतं, एका बाजूला बोंबील वाळत घातलेले. जेवणं झाली. अंगणात जेनिटा मला तिची वळणं दाखवत होती आणि दर वेळी तशीच थांबत होती. दारातून ताई ते बघत होत्या. त्या खाली उतरल्या, काठीने मातीत एक रेघ ओढली, रेघेच्या पलीकडे जाऊन ओचा खोचला आणि कोपऱ्यात उभ्या राहिल्या. गुडघे वाकवून, अंग पुढे टाकून, दोन्ही हात खाली मोकळे. मी त्यांना असं उभं राहिलेलं कधीच पाहिलं नव्हतं. त्यांचा चेहराच बदलला होता. तोंडावरची रोजची घरातली बाई निघून गेली होती आणि तिथे कुणीतरी तरुण, धूर्त आणि थोडं क्रूर माणूस आलं होतं.

मी घाबरले. माझ्या डोळ्यांसमोर एक बिनदोरीचा गुडघा होता आणि एक नव्या दोरीचा. मी म्हटलं, ताई, झेपावायचं नाही हं, जागेवरूनच. त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"ये," त्या लेकीला म्हणाल्या. "मी धरणार आहे."

जेनिटा हसली. मग आईचा चेहरा बघून हसायची थांबली. ती कबड्डी कबड्डी म्हणत रेघ ओलांडून आत गेली. सुरुवातीला ती जपून, सरळ पुढे-मागे करत होती. ताई हलल्या नाहीत. जेनिटाने डावा पाय पुढे टाकून हूल दिली. ताईंची नजर फक्त तिच्या घोट्यावर. पुन्हा हूल. आणि मग ताईंचा हात खालून आला, इतका झपकन की मला तो निघालेला दिसलाच नाही, थेट घोट्याकडे. जेनिटा फिरली. उजव्या पायावर, पूर्ण वेगात, गुडघा वाकलेला, पाऊल खाली टेकताना आवाज नाही. फिरून रेघ ओलांडून अलीकडे आली आणि तिथे येऊन कबड्डी कबड्डी म्हणतच राहिली, कारण काय झालं ते तिला अजून कळलं नव्हतं.

मी जागची हलले नाही. इतक्या मुलींना या कामात परत उभं केलं, पण त्या अंगणात मला वाटलं की मी नुसती पाहुणी आहे. मी दिलेले व्यायाम त्या पायात होते, डॉक्टरांनी बसवलेली दोरी होती, पण त्या पायाला हो म्हणायला लावलं ते एका बाईने, जिने कोपऱ्यातली ही जागा लग्नाआधी सोडली होती आणि तरी तिचं शरीर ती विसरलं नव्हतं.

मला खाडीपर्यंत सोडायला ताई आल्या. वाटेत त्यांनी मला विचारलं की त्यांच्या पायातही अशी दोरी बसवता येईल का. मी खरं ते सांगितलं. या वयात, इतक्या झिजेनंतर, त्याचा उपयोग नाही, आणि त्यांना गरजही नाही. त्या म्हणाल्या, ठाऊक होतं, नुसतं विचारलं. नंतर फेरी येईपर्यंत आम्ही दोघी पाण्याकडे बघत उभ्या होतो. तेव्हा कुणी मला विचारलं असतं की तुझ्या कामाचं दुःख काय, तर मी म्हटलं असतं, हेच. त्या सणाच्या मॅचनंतर गुडघ्यात काय तुटलंय हे हिला सांगणारं कुणीच नव्हतं.

सावंत सरांना मी गोराईची हकिगत सांगितली. त्याआधी मी त्यांच्या मागे कितीदा लागले होते की सरावाच्या आधी मुलींकडून उतरण्याचे आणि वळण्याचे व्यायाम करून घ्या, ते झाले तर निम्म्या मुली माझ्याकडे यायच्याच नाहीत. सर म्हणायचे, वेळ कुठे आहे. आता त्यांनी आपण होऊन सुरू केलं. घेणार कोण, तर जेनिटा. हॉलमध्ये क्लबाच्या सगळ्या मुली एकदम उडी मारून उतरतात तेव्हा त्या लाकडी जमिनीवर नुसता श्वासांचा आवाज येतो. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दारातच थांबले.

जेनिटाची पहिली मॅच एका उपनगरातल्या क्लबाविरुद्ध होती. फार मोठी नाही. मी आणि आग्नेसताई बाकावर शेजारी बसलो होतो. जेनिटाला पहिली चढाई उत्तरार्धात मिळाली. ती आत गेली तेव्हा मी बाकाची कड धरून ठेवली होती. माझे डोळे फक्त तिच्या उजव्या गुडघ्यावर होते. वाकलाय का, आत झुकतोय का, पाऊल कुठे पडतंय. तिने हूल दिली, फिरली, आणि कोपऱ्यातल्या मुलीने तिचा घोटा धरला. दुसरी कंबरेला लटकली, तिसरी वरून पडली. चौघी खाली. मग एकेक मुलगी उठली, आणि सगळ्यांत खालून जेनिटा उठली, हात झटकले, आणि दोन्ही पायांवर सरळ चालत बाहेर जाऊन बसली. बाद. बाकीच्या बाद झालेल्या मुलींसारखीच.

मी आग्नेसताईंकडे वळले. म्हटलं, गुडघा छान होता ना हो? एकदाही आत गेला नाही.

"गुडघा?" त्या म्हणाल्या. त्यांची नजर मॅटवरून हलली नव्हती. "तो मी नाही बघितला, मॅडम. ती कोपऱ्यातली पोरगी बघितली का? घोटा काय धरला तिने."